माथ्याच्या आधी

उत्तरायण उलटून तीन दिवस झालेत,
दांडिया बाजारातल्या तारांवर अजून पतंगांची लक्तरं.
त्यातलाच एक जांभळा, अंगणात पडलेला,
नानांनी उचलला, बोटांत चुरून पाहिला.
म्हणाले, हा चालेल.

बुलेट मधल्या स्टँडवर, चौथ्या गियरमध्ये.
प्लग काढलेला, त्याच्या भोकात आईची विणायची सुई.
(मोरपिशी स्वेटर पाठीपर्यंतच झाला होता. सुया राहिल्या.)
मागचं चाक मी तसूतसूनं ढकलते,
सुई वर येते, वर येते,
थबकते.
"हा माथा. पण इथे नको.
इथे ठिणगी पडली तर उशीर झाला समज.
आगीलासुद्धा पसरायला वेळ लागतो ग.
जरा आधी पेटवायचं. आठ दशांश मिलिमीटर,
तुझ्या नखाहून थोडं जाड."
सुईवर मी नेलपॉलिशची रेघ ओढली.

काल फारच आधी पेटत होती.
किक उलटून नडगीवर आली, तिथे अजून काळंनिळं.
आणि पंड्या पुलाच्या चढावर, मागे कुणी बसलं की,
टाकीखालून आवाज, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.
पंपावरचा पोरगा म्हणाला, बेन, सो वाळुं नाखुं?
शंभरचं, महागातलं.
दादाही फोनवर तेच म्हणाला, आणि वर म्हणाला,
नाहीतर विकून टाका,
आणंदचा एक जण लग्नाच्या फोटोंसाठी मागतोय.

नाना हसले.
पंपाला की दादाला, कळलं नाही.

एकतीस वर्षं कोयलीच्या प्रयोगशाळेत
एका सिलिंडरचं बसकं इंजिन त्यांच्यापुढे.
बाटली बाटलीतलं पेट्रोल त्याला पाजायचं,
चालता चालताच दाब वाढवत न्यायचा
आणि कुठे कण्हायला लागतं ते काट्यावर वाचायचं.
त्या इंजिनाला दुसरं काम नव्हतं.
"लोकांना वाटतं आकडा म्हणजे ताकद.
छे. कळ काढायची तयारी.
चहूबाजूंनी दाबलं तरी ठिणगी येईपर्यंत
आपणहून भडकायचं नाही, त्याचे मार्क.
हिच्या पोटात दाब तो केवढा! साधं पुरून उरतं.
वेळ आपली चुकलेली, आणि बोल तेलाला."

तुमचे किती, मी विचारलं नाही.
दादानं वाटणीचं काढलं त्या रात्री
नाना जेवत होते. जेवत राहिले.
ताक मागितलं.

मग पॉइंटच्या दोन ओठांत पतंगाची चिंधी.
ती मी हलकेच ताणून धरायची, चाक ते फिरवणार.
"बघू नकोस. बोटाला कळेल."
ऐकू नकोस म्हणायची गरज नव्हती,
त्यांचा उजवा कान कोयलीतच राहिला,
डावा मनात आलं तर.
चिंधी सुटली, पण रेघ अजून दिसतही नव्हती.
प्लेट केसभर फिरव. चाक मागे घे, पुन्हा आण.
सुटली. अजूनही लवकर.
अर्धा केस.
ऊन भिंतीवरून उतरून साबणाच्या डबीवर आलं.
पुन्हा.
रेघ भोकाच्या काठाला लागली
आणि चिमटीतला ताण एकदम नाहीसा झाला.
जांभळा तुकडा हातात, त्यावर ओठांचा काळा ठसा.
नानांनी तो खिशात टाकला. का, कोण जाणे.

संध्याकाळी निघालो दोघं.
पंड्या पूल, वरचाच गियर, मुद्दाम खाली न आणलेला.
नानांची पाच बोटं माझ्या खांद्यात रुतलेली.
"वाजतंय का ग?"
खालून अहमदाबादची गाडी जात होती,
तिच्या खडखडाटात मला माझंही काही ऐकू येईना.
चढ संपायला वीसेक पावलं होती.
मी मान हलवली, हेल्मेटसकट, त्यांना दिसेल अशी.
नाही.
माथ्याच्या जरा आधी.